विश्लेषण : पंडिता रमाबाईंनी केडगावात ‘कृपासदन’ का उभारले? बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना काय उमगले?

पंडिता रमाबाई यांचे नाव शाळेच्या पुस्तकात येते ते विधवांसाठी शाळा काढणाऱ्या समाजसुधारक म्हणून. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, हा उल्लेख बहुतेक वेळा एका ओळीत उरकला जातो. मात्र आयुष्याची शेवटची दोन तपे त्यांनी ज्या केडगावात काढली, तिथल्या एका घराला त्यांनी ‘कृपासदन’ असे नाव दिले होते. ज्या स्त्रीला माहेर, सासर, गाव यांपैकी कोणीच पुन्हा दारात उभे करणार नाही, तिच्यासाठी ते घर होते. देवाची दया आणि देवाकडे परत येणे, या ख्रिस्ती धर्मातल्या दोन मूळ कल्पना. रमाबाईंनी त्या रोजच्या जगण्यात कशा आणल्या आणि त्यासाठी काय किंमत मोजली, ते समजून घेण्यासारखे आहे.

रमाबाईंचे बालपण कसे गेले?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी आजच्या कर्नाटकातील गंगामूळ येथे, सह्याद्रीच्या जंगलात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे नावाजलेले संस्कृत पंडित. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. बाईमाणसाला देवभाषा शिकवणे तेव्हाच्या समाजाला मानवणारे नव्हते. हेच शिक्षण पुढे आईकडून रमाबाईंना मिळाले.

परळीच्या वैजनाथाच्या किंवा अंबाजोगाईच्या योगेश्वरीच्या देवळात पुराण सांगायला बसणारे पुराणिक बीड जिल्ह्याला नवे नाहीत. डोंगरे कुटुंब असेच एका तीर्थक्षेत्रावरून दुसऱ्या तीर्थक्षेत्रावर जात असे. देवळात बसून पुराण वाचायचे, ऐकणारे जे देतील त्यावर गुजराण करायची. मिळालेल्या दानातला मोठा वाटा अनंतशास्त्री पुन्हा दानधर्मात घालत.

१८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला आणि ही व्यवस्था कोसळली. लोकांनाच खायला नव्हते, तर पुराणिकाला कोण देणार? कष्टाची मजुरी करायची सवय नव्हती आणि भीक मागायची लाज वाटत होती. उपास, व्रते, देवदर्शन सगळे करून झाले. काही महिन्यांच्या अंतराने आधी वडील, मग आई, मग थोरली बहीण गेली. आईची तिरडी उचलायला चार माणसे मिळेनात. शेवटी दोन ब्राह्मण तयार झाले, तिसरा खांदा भाऊ श्रीनिवास यांनी दिला आणि चौथा रमाबाईंनी. त्या उंचीने इतक्या लहान होत्या, की तिरडीचा दांडा त्यांना डोक्यावर घ्यावा लागला. स्मशान तीन मैलांवर होते.

भुकेने माणसाचे काय होते आणि अशा वेळी कोण पाठ फिरवते, हे रमाबाईंनी वयाच्या विशीआधीच पाहिले होते. पुढचे सगळे आयुष्य समजून घ्यायचे तर हा प्रसंग ध्यानात ठेवावा लागतो.

‘पंडिता’ ही पदवी कशी मिळाली?

भाऊ-बहीण पायी फिरत १८७८ मध्ये कोलकात्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचायला सुचवले. धर्मशास्त्रे वाचताना मात्र रमाबाईंना एक गोष्ट खटकू लागली. ग्रंथांचे आपापसात अनेक बाबतीत पटत नव्हते. पण स्त्रिया आणि शूद्र यांना मोक्षाचा सरळ मार्ग नाही, यावर त्यांचे एकमत असल्याचे त्यांना दिसले.

१८८० मध्ये भाऊ श्रीनिवासही वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने, जात मोडून विवाह केला. एप्रिल १८८१ मध्ये मुलगी मनोरमा झाली. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने बिपिनबिहारी गेले. २३ वर्षांच्या रमाबाई विधवा झाल्या, तेव्हा मुलगी वर्षाचीही नव्हती.

आसामातील सिल्चर येथे संसार असतानाच त्यांच्या हाती बंगाली भाषेतील लूककृत शुभवर्तमान पडले होते. ख्रिस्ती धर्माशी त्यांची ओळख तिथून झाली.

ख्रिस्ती धर्मात ‘दया’ आणि ‘परत येणे’ म्हणजे काय?

याच लूककृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायात उधळ्या मुलाचा दाखला आहे. धाकटा मुलगा वडिलांकडून वाटणी घेऊन परदेशी जातो, पैसा उडवतो, दुष्काळात सापडतो आणि डुकरे राखण्याची वेळ त्याच्यावर येते. भुकेने शुद्धीवर येऊन तो घराकडे निघतो. चाकर म्हणून तरी ठेवून घ्या, असे म्हणायची त्याची तयारी असते. तो दूर असतानाच वडील धावत जाऊन त्याला मिठी मारतात. त्याला चाकर म्हणून नव्हे, तर मुलगा म्हणूनच घरात घेतले जाते.

ख्रिस्ती विचारात पश्चात्ताप म्हणतात तो याला. केलेल्या चुकीचे वाईट वाटणे हा त्याचा अर्धाच भाग. जुन्या करारातील हिब्रू क्रियापद ‘शूव’ याचा साधा अर्थ मागे फिरणे, परत येणे. नव्या करारातील ग्रीक शब्द ‘मेटानोइया’ म्हणजे मनाची दिशा बदलणे. परत येणाऱ्याला पात्रता न पाहता स्वीकारले जाते, ती देवाची कृपा.

ही गोष्ट एकदाच करून संपत नाही. प्रभूच्या प्रार्थनेत ख्रिस्ती माणूस रोज क्षमा मागतो आणि त्याच दमात इतरांना क्षमा केल्याचेही सांगतो. उपासनेत पापांगीकार असतो, प्रभुभोजनाआधी स्वतःचे परीक्षण असते. इस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळही याच परत येण्यासाठी राखलेला असतो.

फुलहॅममध्ये त्यांनी काय पाहिले?

पतीच्या मृत्यूनंतर रमाबाई १८८२ मध्ये पुण्याला आल्या. त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे स्त्री-शिक्षण आणि स्त्री-डॉक्टरांची गरज यावर साक्ष दिली. वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या इराद्याने त्या १८८३ मध्ये मुलीसह इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्याने ते शिक्षण झाले नाही. वाँटेज येथील सेंट मेरी भगिनी संघाच्या मठात त्यांची राहण्याची सोय झाली होती.

त्या भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथील आपला आश्रम पाहायला पाठवले. समाज ज्यांना पतित म्हणतो, अशा स्त्रिया तिथे राहत होत्या. चांगल्या घरच्या, शिकलेल्या बाया त्यांची सेवा करत होत्या. त्या स्त्रियांचे जगणे बदललेले दिसत होते आणि त्यातल्या काही आता दुसऱ्यांची काळजी घेत होत्या. रमाबाईंनी असे कुठे पाहिले नव्हते. ‘बिघडलेल्या’ बाईला हाकलून द्यायचे, एवढेच त्यांना माहीत होते.

असे करण्यामागचे कारण त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना योहानकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची कथा समजावून सांगितली. पाच नवरे झालेली आणि आता सहाव्याबरोबर लग्नाविना राहणारी ही बाई भर दुपारी विहिरीवर येते. यहुदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत. तरी येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो आणि देवाविषयी बोलतो. पाणवठ्यावरची शिवाशिव पाहत वाढलेल्या रमाबाईंना या कथेचा अर्थ वेगळा समजावून देण्याची गरज नव्हती.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली.

बाप्तिस्म्यानंतरही शोध का सुरू राहिला?

धर्म बदलला म्हणून प्रश्न संपले नाहीत. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे. चर्चची शिकवण त्यांनी निमूटपणे मान्य करावी, अशी भगिनींची अपेक्षा होती. रमाबाई प्रत्येक मुद्द्यावर कारण विचारत राहिल्या. एका पुरोहितशाहीतून बाहेर पडून दुसरीच्या हाती स्वतःला द्यायची त्यांची तयारी नव्हती.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत गेल्या. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक आले. बोस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे पैसे देण्याचे मान्य केले.

या सगळ्या यशानंतर, १८९१ च्या सुमारास, एका इंग्रज धर्मगुरूचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. अनेक वर्षे पाळकाचे काम करूनही आपला देवाशी खरा संबंध जुळला नव्हता, अशी त्या धर्मगुरूची कबुली होती. रमाबाईंना ते आपलेच वर्णन वाटले. ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही, असे त्यांच्या ध्यानात आले. बाप्तिस्म्याला तेव्हा आठ वर्षे झाली होती. आतापर्यंत त्यांनी धर्म अभ्यासला होता, पारखला होता, त्यासाठी वादही घातले होते. आता कोणतीही विद्वत्ता पुढे न करता, रिकाम्या हाताने देवापुढे जायचे होते. उधळ्या मुलाचा दाखला त्यांनी कधीच वाचला होता. परत जाणारा आपणही आहोत, हे त्यांना आता कळले.

शारदा सदनाचा वाद काय होता?

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले होते. १८९० मध्ये ते पुण्याला हलवण्यात आले. गोदूबाई या बालविधवा पहिल्या विद्यार्थिनींपैकी. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या.

या शाळेत धर्म शिकवला जाणार नाही, असे ठरले होते. रमाबाई मात्र आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करत आणि काही मुली स्वतःहून येऊन बसत. मुलींना येऊ देणे म्हणजे प्रचार, असे टीकाकारांचे म्हणणे होते. त्यांना हुसकावून लावणे आपल्याला जमणार नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये न्या. महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रा. गो. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादात दोन्ही बाजूंना वजन आहे. अल्पवयीन, निराधार मुलीने आश्रयदात्याचा धर्म स्वीकारला, तर तो किती मोकळेपणाने स्वीकारला असे म्हणायचे, हा प्रश्न आजही विचारला जातो आणि तो रास्त आहे. दुसरीकडे, विधवांना घर देणाऱ्या संस्था तेव्हा महाराष्ट्रात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याही नव्हत्या. ज्या सुधारकांनी रमाबाईंचे पुण्यात स्वागत केले होते, तेच दुरावले. हे एकटेपण त्यांना शेवटपर्यंत पुरले.

केडगावला मुली कशा आल्या?

नगरला लागून असलेले केडगाव वेगळे. रमाबाईंचे केडगाव दौंड तालुक्यात, पुणे-दौंड रेल्वेमार्गावर आहे. तिथे त्यांनी फळबागेसाठी माळरान घेतले होते.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. दुष्काळी छावण्यांत एकट्या पडलेल्या मुलींना फसवून विकले जात असल्याचे वृत्तान्त येऊ लागले. स्वतःच्या घरातला दुष्काळ आठवून रमाबाई तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ होती आणि एवढ्या माणसांना शहरात ठेवणे शक्य नव्हते. त्यामुळे केडगावच्या माळावर आधी तंबू, झोपड्या आणि मग पक्की घरे उभी राहिली. त्यातून ‘मुक्ती’ची वसाहत झाली. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि संख्या दीड हजारांच्या आसपास गेली.

१८९९-१९०० च्या त्या दुष्काळाने तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असलेल्या बीड जिल्ह्यालाही झोडपले होते. पाऊस हुकला की सर्वात आधी घरातल्या मुलीचे आयुष्य पणाला लागते, हे इथल्या वाचकाला निराळे सांगावे लागत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत मुलीची शाळा सुटणे आणि लवकर लग्न लावून देणे आजही घडते.

‘कृपासदन’ वेगळे का होते?

केडगावच्या आवारात शारदा सदन होते, अंध मुलींसाठी बार्तिमी सदन होते, वृद्ध व दुर्बळ स्त्रियांसाठी प्रीती सदन होते. कृपासदन मात्र फसवल्या गेलेल्या, विकल्या गेलेल्या, ‘वाईट मार्गाला लागलेल्या’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी होते. विधवेविषयी निदान सुधारकांना कळवळा होता. या स्त्रियांची बाजू घ्यायला सुधारकही कचरत.

फुलहॅममध्ये पाहिलेले रमाबाईंनी इथे उभे केले. आलेल्या अनेकजणी आजारी होत्या, काही शिवीगाळ करत, काही पळून जात. उपासमारीने काहींना अन्न साठवून, लपवून ठेवायची सवय लागली होती. अशांना रोज सांभाळणे हे प्रवचनाहून कितीतरी कठीण काम होते. आधी अंघोळ, कपडे आणि जेवण, त्यानंतर काम आणि अक्षरओळख. शेती, विणकाम, दूधदुभते, तेलघाणा, धोबीकाम आणि छापखाना अशी कामे बायका शिकल्या. स्वतःच्या कष्टाचे खाणाऱ्या बाईला कोणी उपकाराखाली दाबू शकत नाही, हा त्यामागचा हिशेब होता. मनोरमा यांनी ब्रेल लिपी शिकून अंध मुलींना वाचायला शिकवले.

१९०५ मध्ये केडगावात काय घडले?

जानेवारी १९०५ पासून केडगावात रोज प्रार्थनेसाठी गट जमू लागले. वेल्समधील धार्मिक जागृतीच्या बातम्या तोवर भारतात पोहोचल्या होत्या. जूनच्या अखेरीस मुली मोठ्याने रडू लागल्या, आपली पापे उघडपणे कबूल करू लागल्या, एकमेकींची क्षमा मागू लागल्या. जगभरच्या पेंटेकोस्टल चळवळीच्या इतिहासात या घटनेची नोंद घेतली जाते.

अनेक पाहुण्यांना हा भावनेचा पूर वाटला. त्यामागे आणखीही एक बाजू होती. ज्या मुलींना जगाने पापी ठरवले होते, त्या आता स्वतःच्या शब्दांत सांगत होत्या, की चूक काय आणि क्षमा कशाची. त्यांच्या वतीने बोलायला पुरोहित नव्हता, पुरुषही नव्हता. पुढे या मुलींचे गट आसपासच्या खेड्यांत जाऊ लागले.

बायबलचे भाषांतर त्यांनी पुन्हा का केले?

मराठी बायबल आधीपासून उपलब्ध होते. पण त्याची भाषा केडगावच्या बायकांना कळत नाही, असे रमाबाईंच्या लक्षात आले. त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला आणि मूळ भाषांवरून नवे भाषांतर हाती घेतले. संस्कृतातील पांडित्यासाठी गौरवलेल्या या बाईने संस्कृतप्रचुर शब्द टाळले. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम केडगावच्या स्त्रियांनी केले. नवा करार त्यांच्या हयातीत आला, तर संपूर्ण बायबल १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. भाषांतराची भाषा ओबडधोबड आहे, असे अभ्यासकांनी म्हटले आणि ते चर्चमध्ये फारसे रुजले नाही.

तरी त्यामागची ओढ मराठी माणसाला परिचित आहे. परंपरेने मराठीचे आद्यकवी मानलेल्या मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईत आहे. देवाविषयीचे बोलणे संस्कृताच्या कोंडीतून काढून साध्या माणसाला कळेल अशा बोलीत आणायचे, हा प्रयत्न तिथपासूनचा.

शेवटची वर्षे कशी गेली?

मनोरमा आईच्या कामाची वारस होती. २४ जुलै १९२१ रोजी तिचे निधन झाले. आई-वडील, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती मुलगी. रमाबाईंच्या घरातले कोणीच उरले नाही. त्यानंतरही बायबलची मुद्रिते तपासण्याचे त्यांचे काम सुरूच होते. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावात त्यांचे निधन झाले. १९१९ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले होते. १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले. इंग्लंडच्या चर्चच्या स्मरणदिनांच्या यादीत त्यांचे नाव आहे. केडगावची संस्था आजही काम करत आहे.

आज या आयुष्याकडे कसे पाहायचे?

रमाबाईंना हिंदू समाजाने धर्म सोडणारी म्हटले, तर काही ख्रिस्ती धर्मगुरूंना त्या हट्टी वाटल्या. दोन्हीकडे त्या पूर्णपणे मावल्या नाहीत. त्यांच्या धर्मांतराबद्दल मतभेद राहतील, तसेच त्यांच्या केडगावच्या पद्धतींबद्दलही.

पण देवाची दया म्हणजे काय, याचे त्यांनी दिलेले उत्तर तपासून पाहण्याजोगे आहे. परत येणाऱ्याला देव स्वीकारतो, असे चर्चमध्ये सांगणे सोपे असते. प्रत्यक्षात त्या बाईला रात्री झोपायला जागा, अंगावर धड कपडा आणि सकाळी करायला काम लागते. तिला मागचे न विचारणारा शेजारही लागतो. हे कोणीतरी उभे करेपर्यंत तिच्यासाठी परतीची वाट उघडत नाही. आईच्या तिरडीला चौथा खांदा देण्यासाठी कोणी नव्हते, तेव्हा ती डोक्यावर घेतलेल्या मुलीने पुढे अशा शेकडो जणींचा भार उचलला आणि त्यालाच कृपा म्हटले.